मागच्या टायरचा भाव

मंगळवार, ४

आज पडलो. म्हणजे गाडी पडली, आणि गाडीवर आम्ही होतो म्हणून आम्हीही. पोहण्याच्या तलावावरून परतताना लाँड्रीच्या वळणावर नेहमीसारखं पाणी सांडलेलं होतं. ब्रेक अगदी हलका दाबला, तर मागचं चाक मला न विचारता भलतीकडेच निघालं. वेग नव्हता म्हणून निभावलं. पेट्रोल गळायला लागलं होतं, त्यामुळे मी आधी गाडी उभी केली आणि मग हिला हात द्यायला वळलो. तोवर ही स्वतःच उठून कपडे झटकत होती. "लागलं का?" विचारलं, तर "नाही" म्हणाली. घरी आल्यावर पाहिलं, कोपर चांगलंच सोललंय. मग नाही का म्हणाली, कोण जाणे.

कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याने चाक फिरवून पाहिलं. "साहेब, मागचं पार गोटा झालंय," म्हणाला आणि का कोण जाणे, माझ्या डोक्याकडे बघून हसला. "आजच बदला."

आजच कसं बदलणार? मी रुग्णालयाच्या खरेदी विभागात आहे. तीन कोटेशन हातात आल्याशिवाय आमच्याकडे कापसाचा बोळासुद्धा आत येत नाही. ऑफिसात माझ्यामागे मला 'तीनभावे' म्हणतात, ते मला माहीत आहे. म्हणोत. आजवर मला कुणी एका पैशाला फसवलेलं नाही, आणि असं सांगू शकणारी माणसं आजकाल फार नाहीत.

जेवताना ही म्हणाली, "टायर बदला, मगच मी तुमच्या मागे बसेन." म्हटलं, चार दिवस दे. योग्य भाव मिळाला की लगेच.

बुधवार, ५

सकाळी मी दाढी करत होतो. ही स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, आता एकदाचं मागचं काढा!"

मी तोंडाला फेस तसाच ठेवून बाहेर आलो. म्हटलं, मागचं काढायची सवय कुणाला आहे या घरात? कपाटाच्या रंगावरून झालेलं भांडण परवा पुन्हा कुणी उकरलं? ती म्हणाली, तो रंग तुम्हीच आणलात, स्वस्त मिळाला म्हणून. मी तिच्या भावाच्या घड्याळाचा विषय काढला. तिने माझ्या बहिणीचा काढला. आम्ही भांडत भांडत बऱ्याच मागे, लग्नानंतरच्या पहिल्या भाड्याच्या खोलीपर्यंत पोचलो, तेव्हा लेक ब्रश तोंडात धरून दारात आली.

"बाबा, आई टायरबद्दल बोलतेय. मागचं टायर काढा म्हणतेय."

मग ही ओट्याला टेकून पोट धरून हसली. मला हसू आलं नाही, कारण बहिणीबद्दल ती जे बोलली त्याचा टायरशी काही संबंध नव्हता.

शनिवार, ८

अर्धा दिवस यात गेला.

पहिला, चौकातला टायरवाला. हा माणूस तोंडाने भाव सांगतच नाही. कॅल्क्युलेटरवर आकडा मारतो आणि आपल्याकडे फिरवतो. "तोंडाने सांगितलं की गिऱ्हाईक तोंडाला तोंड देतं," म्हणाला. मी आकडा पाहिला. "बसवून?" विचारलं. त्याने कॅल्क्युलेटर परत घेतला, दोन बटणं दाबली, फिरवला. "ट्यूबसकट?" परत घेतला, दाबलं, फिरवला. "जुनं टायर तुम्हाला देणार, त्याचे वजा?" तेव्हा मात्र तो तोंडाने बोलला. "जुन्याचे? साहेब, ते ठेवून घ्यायचे पैसे मीच तुमच्याकडून घ्यायला हवेत."

दुसरं दुकान काचेच्या दाराचं. टायर बघायला गेलो तर आधी पाणी दिलं, मग माहितीपत्रक दिलं, मग गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या बाईंनी पॅकेज समजावलं. टायर, ट्यूब, बसवणं, बॅलन्सिंग, नायट्रोजन हवा आणि गाडी धुणं. म्हटलं, धुतो मी घरी. आणि हवा साधी चालेल. "सर, पॅकेजमधून हवा वेगळी नाही काढता येत," त्या म्हणाल्या. आता यात त्यांचा तरी काय दोष. पण दोन दुकानांचे भाव एकाशेजारी एक मांडायचे कसे? एक बसवून सांगतो, दुसरी धुऊन सांगते. एकसारख्या मापात कुणी बोलेल तर शपथ.

ही आज तलावावर बसने गेली. तलावाबाहेरच्या बाकावर पेपर वाचत बसायची सवय लागलीय मला, त्यामुळे संध्याकाळी घरात काय करायचं सुचेना. परतताना तिच्या ओल्या केसांचं पाणी माझ्या कॉलरच्या आत ठिबकतं, त्यावरून मी दर खेपेला कुरकुर करतो. आज कॉलर कोरडी होती, आणि ते मुळीच बरं वाटलं नाही.

मंगळवार, ११

तिसरं कोटेशन फोनवर घ्यायचं ठरवलं. हमरस्त्यावरच्या घाऊक दुकानात लावला. जसं झालं तसंच लिहून ठेवतो, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

"मोटारसायकलचं टायर हवंय. मागचा काय भाव?"

"मागचा भाव विसरा आता साहेब. वाढले."

"मागचा वाढला? मग पुढचा?"

"पुढचा काय असेल ते मला आज कसं कळणार?"

"अहो, दुकानात आहे ना तुमच्या पुढचं?"

"दुकानात सगळं आजचंच आहे. शिळं आपण ठेवत नाही."

मी चढ्या आवाजात चाकाची रचना समजावायला लागलो. शेजारच्या टेबलावरच्या कॅशिअरबाईंनी फाइल तोंडासमोर धरली. शेवटी त्याला उलगडा झाला, आणि त्याने भाव सांगितला तो घोडचूक वाटावी इतका कमी. विचारलं, बसवून? तर म्हणाला, बसवणं आमचं काम नाही, आम्ही फक्त विकतो. फोन ठेवला. तीन भाव मिळाले, पण एकही दुसऱ्याला लावून बघता येत नाही. टेंडर असतं तर मी तिन्ही नापास केले असते.

गुरुवार, १३

आज पुन्हा चौकात गेलो. म्हटलं, घाऊकवाल्याचा भाव सांगून बघू. कॅल्क्युलेटरवाल्याने ऐकून घेतलं, मान डोलावली आणि आकडा दाखवला. शनिवारपेक्षा जास्त! म्हटलं, हा काय प्रकार? "कंपनीने वाढवले, परवापासून. शनिवारी घेतलं असतंत तर जुन्या भावात होतं." वर म्हणतो, "भाव विचारत एवढे फिरलात, तेवढ्यात होतं नव्हतं तेही टायर घासलंत साहेब."

मी बाहेर पडलो. येताना लाँड्रीच्या वळणावर गाडी पुन्हा किंचित सरकली. घरी सांगितलं नाही.

ही तलावावरून वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंबरोबर आली. या बाई स्वतः मोटारसायकल चालवतात, रात्रपाळीलासुद्धा. हिची पिशवी खुंटीला लावताना पाहिलं, आतला टॉवेल खडखडीत कोरडा. तलाव साफसफाईला बंद असेल. मग दीड तास दोघी कुठे होत्या, ते विचारायचं राहून गेलं. महिन्याची फी पूर्ण घेतात आणि मधेच तलाव बंद ठेवतात. विचारायला हवं त्यांना.

सोमवार, १७

सुटलो! मोबाइलवरून ऑनलाइन मागवलं. तेच माप, त्याच कंपनीचं, आणि चौकातल्यापेक्षा इतकं स्वस्त की मी दोनदा चष्मा पुसून पाहिलं. पोचवण्याचे वेगळे पैसे नाहीत. लेकीला दाखवलं तर म्हणाली, "बाबा, एवढं स्वस्त का आहे पण?" या पिढीला चांगलं काही मिळालं की संशय. मी म्हटलं, शोधावं लागतं बाळ, तेव्हा मिळतं.

थोड्या वेळाने हिने भलतंच विचारलं, "वळताना क्लच दाबून ठेवायचा की सोडायचा हो?" म्हटलं, तुला काय करायचंय? म्हणाली, सहज. मी तिला नीट समजावून सांगितलं, दाबून ठेवला तर गाडी हातात राहत नाही. तिने इतकं मन लावून ऐकलं की मला बरं वाटलं. माझ्या बोलण्याकडे इतकं लक्ष तिने अलीकडे दिलं नव्हतं.

गुरुवार, २०

टायर आलं. कागदात गुंडाळलेलं, दारातून आत यायला तयार नाही असं. दिवाणखान्यात भिंतीला टेकवून ठेवलं. वासाने डोकं उठलंय.

आता बसवायचं. काचेच्या दाराच्या बाईंनी सांगितलं, सर, बाहेरचं टायर आम्ही बसवत नाही. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे यंत्र नाही, आणि पहारीने चढवायला गेलो तर रिम वाकेल, असं तो स्वतःच म्हणाला. चौकात गेलो. कॅल्क्युलेटरवाल्याने माझ्या खांद्यावरचं टायर पाहिलं, मला पाहिलं, आणि नुसत्या बसवण्याचा आकडा दाखवला. नुसत्या बसवण्याचा!

"अहो, त्या शनिवारी याच्या निम्मे सांगितले होतेत!"

"ते माझ्या टायरचे होते. हे पाहुणं आहे."

मी टायर परत खांद्यावर घेऊन घरी आलो. रस्त्यात ओळखीच्या दोघांनी विचारलं, काय, टायरचा धंदा सुरू केला का? माझ्या शर्टावर खांद्यापासून कमरेपर्यंत काळा पट्टा उठलाय. शर्ट भिजत टाकताना ही हळू आवाजात काहीतरी म्हणाली, पण मी बसवण्याचा आकडा जुळवत होतो. ओरडली असती तर बरं झालं असतं.

शनिवार, २२

दोन गोष्टी.

एक, हिचे बूट. तीन महिन्यांपूर्वीच घेतलेत आणि डाव्या बुटाचं नाक वरून घासून पांढरं पडलंय. उजवा अगदी धड आहे. एकाच जोडीतला एक बूट असा कसा निघतो? मी म्हटलं, सोमवारी दुकानात घेऊन जातो, बदलून द्यायलाच हवा त्याने. हिने बूट माझ्या हातातून ओढूनच घेतला. "काही नको, मला असाच हवाय." लेक खोकत आत पळाली. तिला सर्दी झालीय बहुतेक.

दुसरी गोष्ट लिहायला जीवावर येतंय. लेक आज नव्या टायरवर मोबाइलचा उजेड पाडून वाचत बसली होती. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तेव्हा ते टायर बनलं. ती म्हणाली, "बाबा, हे बनलं तेव्हा मी शाळेत होते." रबर पडून पडून कडक होतं म्हणे, रस्ता धरत नाही. नखाने दाबून पाहिलं. नख वाकलं.

म्हणजे मी गोट्याच्या जागी दगड आणला. मला कुणी फसवत नाही, हे वर मीच लिहिलंय. खोडावंसं वाटतंय. नाही खोडत.

बुधवार, २६

परत घेणार नाहीत. परत करायची मुदत टायर वाटेत असतानाच संपली होती. कंपनीच्या बाईंनी फोनवर माझी इतक्या वेळा क्षमा मागितली की भांडायला जागाच उरली नाही.

मी रागारागात जेवताना म्हटलं, आता सुरुवातीपासून करतो, या वेळी नीट, तीन नवीन दुकानं बघतो. हिने हातातला घास खाली ठेवला.

"मी पडले त्याच रात्री सांगितलं, मला भीती वाटते म्हणून. नंतर बसने जायला लागले तेव्हा सांगितलं. पाहुणं घरी आणलंत त्या दिवशीही सांगितलं. तीन वेळा झालं. तीन कोटेशनच समजा ती."

आठवून पाहिलं. मला ती फक्त टायर बदला म्हणाल्याचं आठवतं. भीतीचं बोलली असेल, पण मी तेव्हा आकडे लावत होतो.

"मी काय स्वतःसाठी करतोय हे?" मी म्हटलं. "आपल्याला कुणी लुबाडू नये एवढंच बघतोय ना?"

"नाही लुबाडलं कुणी," ती म्हणाली. "पण बसायचं बंद झालं त्याचं काय?"

तिने ताटं उचलली. बावीस वर्षं ही माझ्या मागे बसतेय. निघायच्या आधी मी "बसलीस का?" विचारतो आणि ती माझ्या खांद्यावर दोनदा टपटप करते, की मी गिअर टाकतो. आता सिग्नलला थांबलो की खांदा उगाच वाट बघतो.

रविवार, ३०

ठरवून निघालो होतो. चौकात जायचं, तो सांगेल तो आकडा द्यायचा, टायर घालून घ्यायचं, विषय संपवायचा. घासाघीस करायची नाही. गाडी घरीच ठेवून चालत गेलो. आता तिच्यावर माझाही भरवसा नाही.

कॅल्क्युलेटरवाल्याने मला पाहिलं, हसला आणि आकडा फिरवला. मागच्या वेळेपेक्षा कमी! बसवून!

आता मला सांगा, न मागता भाव कमी करणाऱ्या माणसावर विश्वास कसा ठेवायचा? म्हटलं, काय गडबड आहे टायरमध्ये? कुठल्या सालचं आहे? त्याने टायर काढून कडेचे आकडे दाखवले. ताजं होतं. मग कमी का? तर म्हणतो, "तुम्ही नुसतं बघून घ्या साहेब. बाकी घरी विचारा." घरी काय विचारा? टायर मी घेणार, पैसे मी देणार, आणि विचारायचं घरी? नक्कीच काहीतरी शिजतंय. मी तसाच परत फिरलो.

दारापर्यंत आल्यावर स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. भाव जास्त असला तरी घेत नाही, कमी असला तरी घेत नाही. मग मला हवंय तरी काय? पण परत जायलाही पाय उचलेना. हिला विचारलं, टायरवाला काही म्हणत होता का? ती म्हणाली, "मला कशाला काय म्हणेल तो?" आणि गॅसकडे तोंड करून उभी राहिली.

मंगळवार, १

ऑफिसातून आलो तर खाली गाडी नाही.

किल्ली खुंटीला नव्हती. लेक गॅलरीतून खाली बघत होती. तिला विचारलं, गाडी कुठंय? म्हणाली, "येईल." येईल म्हणजे काय? गाडी काय आपली आपण येते? मी जिना उतरून फाटकापाशी गेलो आणि पोलिसांत काय सांगायचं, नंबर काय, रंग काय, याची जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात ती आली. गाडी. आणि गाडीवर ही.

सरळ बसली होती. वळताना क्लच सोडलेला होता, तेही मी बघितलं. फाटकातून आत घेताना गाडी एकदा आचका देऊन बंद पडली. तिने पुन्हा चालू केली आणि माझ्यापुढे आणून उभी केली. मागून नर्सबाई आपल्या गाडीवर आल्या, मला "नमस्कार भाऊ" म्हणाल्या आणि हसू दाबत वर निघून गेल्या. वरून लेक टाळ्या वाजवत होती.

मागचं टायर नवंकोरं. खाचांमधले रबराचे केस अजून गेले नव्हते. चौकातल्या दुकानाची चिठ्ठी तशीच चिकटलेली होती.

मला तेव्हाच सगळं कळलं, असं लिहायला आवडलं असतं. पण मी खरं तर बराच वेळ तिच्या डाव्या बुटाकडे बघत उभा होतो, गिअर उचलून उचलून घासलेल्या त्या नाकाकडे, आणि बूटवाल्याशी भांडायला गेलो नाही ते बरं झालं, एवढंच मनात आलं. मग कोरडा टॉवेल आठवला, आणि रविवारचा तो कमी आकडा. वरचे पैसे हिनेच आधी देऊन ठेवले असणार.

माझ्या तोंडात प्रश्न तयार होता. तिलाही माहीत होतं, ती हेल्मेटची काच वर करून वाटच बघत होती. 'किती लागले?' म्हणायचं होतं. तेवढ्यात हँडलवरचा तिचा तळहात दिसला. सोललेला होता, नवा, कोपराच्या वेळचा नव्हे. शिकताना कुठेतरी पडली असणार, आणि ते कुणी मला सांगितलं नव्हतं, कारण मी काय विचारलं असतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. 'लागले' तोंडात होतं, बाहेर पडलं ते "किती लागलं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "फार नाही," म्हणाली.

यातल्या कशाचं उत्तर तिने दिलं, ते मला अजून कळलेलं नाही.

"बसा," ती म्हणाली. "तलावावर जायचंय. आज खरंच पोहणार आहे." मी मागे बसलो. मागच्या सीटवर पाय कुठे ठेवायचे, हात कुठे धरायचे, काहीच कळत नाही. बावीस वर्षांत एकदाही विचार केला नव्हता. "बसलात का?" तिने विचारलं. मी तिच्या खांद्यावर दोनदा टपटप केलं.

मी बाकावर बसलो, पेपर न वाचता. परत येतानाही तीच पुढे. लाँड्रीच्या वळणावर मी डोळे मिटले. उघडले तेव्हा वळण मागे पडलं होतं. तिच्या हेल्मेटखालून ओल्या केसांचं पाणी वाऱ्याबरोबर माझ्या तोंडावर येत होतं. चौकात टायरवाला दुकानाबाहेर उभा होता. आम्हाला बघून त्याने हात उंच केला आणि कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला. चष्मा सगळा भिजला होता, आकडा काही वाचता आला नाही.